वीज कुठून येते?

जमिनीखाली एक बंकर, बंकरात पिंजरा, पिंजऱ्यात चाळीस बायका. त्यांतल्या एकोणचाळीस जणींना आधीचं आयुष्य आठवतं. नवरा, मुलं, नोकरी, चुलीवर उतू गेलेलं दूध. चाळिसावी इथे आली तेव्हा इतकी लहान होती, की पिंजऱ्याआधीचं तिला काहीच ठाऊक नाही. तिला नावही नाही. बाहेर चाबूक घेऊन पहारेकरी फेऱ्या घालतात आणि अवाक्षर बोलत नाहीत. बायकांनी एकमेकींना हातही लावायचा नाही. एके दिवशी कुलपात किल्ली असतानाच भोंगा वाजतो. पहारेकरी धावत सुटतात ते कायमचे. बायका वर येतात तर पुढे नुसता माळ. चालता चालता दुसरे बंकर लागतात. प्रत्येकात बंद पिंजरा आणि आत चाळीस प्रेतं, कुठे बायकांची, कुठे पुरुषांची. हे कोणी केलं, कशासाठी केलं, ही आपली पृथ्वी तरी आहे का, यांतलं काहीही शेवटपर्यंत कळत नाही. एकेक बाई थकून मरते. उरलेली मुलगी म्हातारी होते आणि मरण्याआधी हे सगळं लिहून ठेवते.

जॅकलिन हार्पमन या बेल्जियन लेखिकेची ही फ्रेंच कादंबरी १९९५ची. रॉस श्वार्ट्झनं केलेलं इंग्रजी भाषांतर १९९७ साली वेगळ्याच नावानं आलं आणि फारसं कुणी बघितलं नाही. पुढे ते ‘आय हू हॅव नेव्हर नोन मेन’ या नावानं पुन्हा निघालं आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी विशीतल्या वाचकांनी समाजमाध्यमांवर डोक्यावर घेतलं. शेवट सांगितल्याबद्दल रागावू नये. या पुस्तकात शेवट कळल्यानं काहीच कळत नाही.

माझी प्रत मावशीनं नेली होती. मावशीची सगळी नोकरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, व्हिसेराच्या बरण्या तपासण्यात गेली. पुस्तक परत देताना जे भांडण झालं, ते जवळजवळ तसंच देते आहे. अपशब्द तेवढे गाळलेत. ते माझे होते.

मावशी: बाकी सगळं राहू दे. मला एवढंच सांग, वीज कुठून येते?

मी: कसली वीज?

मावशी: पहारेकरी गेले. माणूस औषधाला नाही. तरी वर्षानुवर्षं त्या बंकरांत दिवे जळताहेत, शीतगृहात मांस टिकतंय. तारा कुठे आहेत? जनित्र कुठे आहे? कुणीतरी देखभाल करत असेल ना?

मी: त्या बायकांनाही हाच प्रश्न पडतो. त्या शोधतात. सापडत नाही.

मावशी: त्यांना नाही सापडलं, समजू शकते. लेखिकेला सापडायला काय झालं होतं? मला तर दाट संशय आहे, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मी: नसेलही.

मावशी: मग ही लबाडी झाली. ऐक. आमच्याकडे पोलिसांमार्फत बरण्या यायच्या. जठर, यकृत, मूत्रपिंड, मिठाच्या संपृक्त द्रावणात, वर लाखेचं सील. सोबत डॉक्टरचा कागद: मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आहे. आम्ही चाचण्या करायचो. पुष्कळदा शेवटी लिहावं लागायचं, विष आढळलं नाही. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण एखाद्यानं बरणीचं सीलच न तोडता ‘आढळलं नाही’ असं लिहून पाठवलं तर? दोन्ही अहवाल दिसायला एकसारखेच असतात गं. तुझ्या या लेखिकेनं सील तोडलंय का, एवढंच माझं म्हणणं आहे.

अशा कादंबऱ्यांवर मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकी कामाची कसोटी मला कुठल्या समीक्षकाकडून मिळालेली नाही. माझ्या बाजूचे लोक ‘अनुत्तरित राहण्यातलं सौंदर्य’ वगैरे बोलू लागतात तेव्हा मलाच कसंसं होतं. न सांगण्यात आपोआप काही सौंदर्य नसतं. आळशी लेखकही सांगत नाहीच.

मी: तोडलंय. तू ती ठोके मोजण्याची जागा आठव.

मावशी: हां, ती जागा चांगली आहे.

मी: पिंजऱ्यात घड्याळ नाही, खिडकी नाही. दिवे पहारेकऱ्यांच्या मर्जीनं मंदावतात आणि उजळतात. ती मुलगी स्वतःच्या काळजाचे ठोके मोजायला लागते. शाळेचं तोंड न पाहिलेली पोर, हिशेब दुसऱ्या बाईकडून शिकते आणि शोधून काढते, की आपल्याला इथे दिवस म्हणून जो दिला जातो तो चोवीस तासांचा नाहीच. तिच्याकडे दुसरं उपकरण काय होतं?

मावशी: नाडी हे काही नेमकं उपकरण नाही. मिनिटाला बहात्तर धरलेस तरी घाबरलीस की नव्वद. पण तिनं मोजलं, एवढं मान्य. माझ्या हाताखाली असती तर नोकरीत कायम केली असती.

मी: मग पुढचंही मान्य कर. बाहेर आल्यावर ती एकही बंकर सोडत नाही. प्रत्येक जिना उतरते, प्रेतं मोजते, कुलूप बघते. बाकीच्या जणी कंटाळून नदीकाठी घरं बांधून राहायला लागतात. शेवटची बाई गेल्यावर ही पुन्हा चालायला लागते. सगळी चाचणी पुरी करून ती लिहिते की आढळलं नाही. बरणी न उघडता परत पाठवलेला अहवाल नाही हा.

मावशी: मुलीनं उघडली. मी लेखिकेबद्दल बोलतेय.

मी: लेखिकेनं मुलीला जे दिसू शकतं त्यापलीकडे एक ओळ स्वतःच्या खात्यातून खर्च केली नाही. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. याच्या उलट ‘लॉस्ट’ ही मालिका बघ. २००४ ते २०१०, दर भागाच्या शेवटी एक नवं कोडं, कारण प्रेक्षक पुढच्या आठवड्याला परत यायला हवा. तिथे न सुटलेलं कोडं म्हणजे फसवणूकच. त्याच्याच एका कर्त्यानं, डेमन लिंडेलॉफनं, पुढे ‘द लेफ्टओव्हर्स’ केली. जगातली दोन टक्के माणसं एका क्षणात नाहीशी होतात. कुठे गेली ते कळणार नाही, हे तो जवळपास पहिल्यापासून कळू देतो आणि मागे राहिलेल्यांकडे कॅमेरा वळवतो. आश्वासन देऊन मोडलेलं रहस्य वेगळं आणि आश्वासनच न दिलेलं वेगळं.

मावशी: तुमची पिढी आश्वासनं फार मोजते.

मी: आणि तुमची उत्तरं. तू अर्नाळकरांवर वाढलीस. झुंजार येणार, शेवटच्या पानांत मुखवटा उतरणार.

मावशी: मग? त्यात वाईट काय आहे? नंतर नारळीकर वाचले. तुला ठाऊक आहे ना, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही गोष्ट नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती? कुणी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. त्यांच्या गोष्टीत कितीही अचाट घडलं, तरी कशामुळे घडलं हे कळायचं. मला त्यात वाचकाचा मान दिसतो.

मी: आणि ‘रमलखुणा’? जी. ए. तुला कुठे कारणं सांगत होते? तरी तुझ्या कपाटात आहेत.

मावशी: जी. एं.ना कारण विचारायला मी गेले नाही, कारण ते नियतीबद्दल लिहीत होते. नियतीवर एफआयआर होत नाही. हिच्या गोष्टीत मात्र कुणीतरी चाळीस बायका पकडून आणल्यात. पिंजरे घडवलेत. चाबूक विकत घेतलेत. हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याला करणारा असतो.

वाद इथे खरा सुरू झाला असं मला वाटतं. विजेचा प्रश्न तांत्रिक होता, त्यातून सुटता येत होतं. यातून येत नाही. ऑर्वेलच्या गोष्टीत पक्ष आहे, पक्षाचं तत्त्वज्ञान आहे. मार्गारेट अॅटवूड तर सांगतच आली आहे, की ‘हँडमेड्स टेल’मध्ये तिनं माणसांनी कुठे ना कुठे आधी केलेलं नाही असं काहीही घातलं नाही. तिथे वाचकाला बोट दाखवायला जागा आहे. हार्पमनच्या माळावर बोट कुणाकडे दाखवायचं? कारण पुसून टाकलं की जुलूम हवामानासारखा होतो, आला आणि गेला. मावशीच्या शब्दांत, ‘आरोपीला न मागता मिळालेली माफी’.

मी: पहारेकऱ्यांनाही कारण माहीत नसावं, असं ती मुलगी म्हणते. तिला पुढे एक बस सापडते, आत पहारेकऱ्यांचे सांगाडे बसल्या जागी. तेही कुणाचे तरी...

मावशी: हुकमाचे ताबेदार! हे कुठे ऐकलंय सांग.

मी: न्यूरेंबर्गला, नाझींच्या खटल्यात.

मावशी: तेच. लेखिकेचे वडील ज्यू होते असं तूच सांगितलंस.

मी: हो. १९४०मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि हे कुटुंब कासाब्लांकाला पळालं. तेव्हा ती दहाअकरा वर्षांची. पुढे ती मनोविश्लेषक झाली.

मावशी: म्हणजे हिला कारण ठाऊक होतं. पक्ष ठाऊक, कायदे ठाऊक, याद्या करणारे कारकून ठाऊक. आगगाडीचं वेळापत्रक कुणीतरी बसून आखलं होतं. हे ठाऊक असलेल्या बाईनं ते पुसायचं? तो इटालियन रसायनशास्त्रज्ञ, प्रीमो लेव्ही. माझ्या आवडीचा माणूस. ऑशविट्झमध्ये तहानेनं जीव जात होता म्हणून त्यानं खिडकीबाहेरचा बर्फाचा लोलक तोडला. पहारेकऱ्यानं हिसकावून घेतला. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, की असं विचारण्याची इथे सोयच नाही. तुम्हा लोकांना तो प्रसंग फार आवडतो. पण लेव्ही तिथे थांबला का? सुटून आल्यावर त्यानं १९४७मध्ये हा प्रसंग असलेलं पुस्तक छापलं, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तो ‘का’ आणि ‘कसं’ हेच विचारत राहिला. १९८६ साली त्यावर आणखी एक पुस्तक लिहिलं. तुझी लेखिका मला पहारेकऱ्याचं उत्तर देऊन मोकळी होते.

मला काही वेळ बोलता आलं नाही. लेव्ही माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी राखून ठेवला होता, तो तिनं आधीच पळवला.

मी: एक गोष्ट बघ. समज, शेवटच्या प्रकरणात ती मुलगी एक कपाट उघडते आणि आत सगळी कागदपत्रं सापडतात. अमुक देशाच्या अमुक सरकारनं अमुक युद्धासाठी हे केलं. ती वाचते. तिला काय कळेल?

मावशी: म्हणजे?

मी: देश म्हणजे काय, हे तिला माहीत नाही. सरकार, युद्ध, धर्म, पैसा, तिनं यातलं काही पाहिलेलंच नाही. बाकीच्या एकोणचाळीस जणींना उत्तर मिळालं असतं तर रडता आलं असतं, शिव्या देता आल्या असत्या, कारण त्यांना हिरावलं गेलेलं जग आठवत होतं. हिचं काही हिरावलंच गेलेलं नाही. उत्तर तिच्या हातात पडलं असतं आणि तिला त्याचं काही करता आलं नसतं. मला ती या कादंबरीतली सगळ्यांत भयंकर गोष्ट वाटते, आणि उत्तर दिलं असतं तर ती झाकली गेली असती. आपण ‘अच्छा, असं होतं तर’ म्हणून पुस्तक मिटलं असतं.

मावशी: मग ती शोधते कशाला? जिला उत्तराचा उपयोग नाही ती जिने कशाला उतरते?

मी: दुसरं काही करायला नाही म्हणून.

मावशी: नाही, हे बरोबर नाही. तिला ज्ञानाची हाव आहे. पहिल्या पानांपासून आहे. त्या बायका तिला प्रेमाबद्दल, पुरुषांबद्दल सांगत नाहीत, तुला काय उपयोग म्हणतात, तेव्हा ती किती चिडते! तू आत्ता तेच म्हणालीस. तिला उपयोग नाही हे ठरवणारी तू कोण?

(हा मुद्दा मी अजून खोडू शकलेले नाही.)

मी: बरं, उत्तर दिल्यावर काय होतं ते बघू. ‘हँडमेड्स टेल’चा शेवट आठवतो?

मावशी: ती गाडीत बसते. सुटली की पकडली गेली ते कळत नाही. मग ते प्राध्यापकांचं संमेलन.

मी: २१९५ साल. गिलियाडची ती राजवट संपून जमाना झालाय. त्या बाईच्या आवाजातल्या कॅसेट सापडल्यात आणि विद्वान मंडळी तिचा कमांडर नेमका कोण होता यावर निबंध वाचताहेत. मध्ये विनोद करताहेत. एक प्राध्यापक हळहळतो, की हिनं आपल्या गोष्टीऐवजी कमांडरच्या संगणकातली वीसेक पानं पळवून ठेवली असती तर किती बरं झालं असतं! एक अख्खी बाई बोलून गेली आणि याला पहारेकऱ्याचे कागद हवेत. कारणं नेहमी पहारेकऱ्याच्याच कचेरीत असतात, मावशी. कारण मागायचं म्हणजे पिंजऱ्याबाहेर, त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभं राहायचं. हार्पमन वाचकाला तिकडे जाऊ देत नाही.

मावशी: छान बोललीस. पण न्यूरेंबर्गला शिक्षा कशावर झाल्या? मुख्यतः त्यांच्याच कागदांवर. पहारेकऱ्याची कचेरी फोडल्याशिवाय त्याला फासावर चढवता येत नाही. तो प्राध्यापक निर्लज्ज आहे, पण त्याला हवी असलेली वीस पानं मलाही हवीत.

मी: आणि अॅटवूडनं २०१९मध्ये ‘द टेस्टामेंट्स’ लिहून दिली पुष्कळ उत्तरं. बुकरही मिळालं, विभागून. वाचलंस ना?

मावशी: वाचलं. बरं वाटलं.

मी: त्यातलं काय आठवतं?

मावशी: लिडिया आठवते. (थांबून) पहिल्यातलं जास्त आठवतं. पण हा काही पुरावा होत नाही. जी जखम भरली नाही ती आठवणारच. म्हणून डॉक्टरनं टाके घालू नयेत का?

योको ओगावाच्या ‘मेमरी पोलीस’वरही आमचं झालं. ते मूळ जपानी पुस्तक १९९४चं, आणि जोझे सारामागोची ‘ब्लाइंडनेस’ पुन्हा १९९५चीच. दोन वर्षांच्या आत तीन देशांतल्या तिघांनी कारण न देता जग मोडावं, याचं मला नवल वाटतं. मावशीला साथ आल्यासारखं वाटतं. ओगावाच्या बेटावरून टोप्या, पक्षी, गुलाब, कादंबऱ्या अशा वस्तू एकेक करून नाहीशा होतात आणि लोक त्यांची आठवणही विसरतात. मग शरीराचे अवयव जाऊ लागतात. मावशीचं म्हणणं, शेवटी नियम ढिले पडलेत, लेखिकेला वाटेल ते गायब होतं. मलाही तसंच वाटतं. सारामागोवर ती जरा मवाळ होती. आंधळेपणाचा संसर्ग कसा पसरतो ते सांगितलं नाही, पण विलगीकरणातल्या लोकांना अन्न कोण पोचवतं आणि ते कोण लुबाडतं, हे त्यानं बारकाईनं सांगितलं, म्हणून.

मी: आपण नाही का जगलो तसं काही? २०२०च्या जानेवारीतच करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाला होता. कारण सगळ्यांच्या हातात होतं. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी. विषाणूचा आराखडा कळल्यानं त्यांच्या बाबतीत काय उलगडलं?

मावशी: तू माझीच बाजू मांडतेयस. ते विषाणूनं मेले नाहीत. गाड्या बंद होत्या, बंद करण्याचा हुकूम होता, पोटाला काम नव्हतं, रूळ हा त्यांना घरचा रस्ता वाटला. हे सगळं कळतं म्हणून मला आजही संताप येतो. त्याच सोळा माणसांची गोष्ट तुझ्या हार्पमनच्या माळावर घडली असती तर मला फक्त वाईट वाटलं असतं. वाईट वाटण्याचं काय करायचं?

मी: पण वाईट तरी वाटायला हवं ना आधी? १९६१ साली जेरुसलेमला नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालला. शंभरावर साक्षीदार आले. त्यांतल्या पुष्कळांनी आइकमनला जन्मात पाहिलं नव्हतं. हुकूम कुणी काढला, सही कुणाची, त्यांना सांगता येत नव्हतं. माझ्यावर हे गुदरलं, एवढंच ते सांगत होते. याचा आरोपीशी संबंध काय, अशी टीकाही झाली. तरी त्यांना बोलू दिलं.

मावशी बराच वेळ पुस्तक उलटसुलट करत राहिली. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

मावशी: ती शेवटी लिहिते ते कुणासाठी? वाचणारा कुणी नाही, हे तिला कळतंय.

मी: कुणीतरी येईल कदाचित, म्हणून.

मावशी: मृत्युपूर्व जबाब आहे हा. जुन्या पुरावा कायद्यात बत्तीसावं कलम, नव्यात सव्वीसावं. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, तरी त्यानं स्वतःच्या मरणाच्या कारणाबद्दल जे सांगितलं ते ग्राह्य धरतात.

मी: ती कारण सांगतच नाही. मग कलमात बसत नाही.

मावशी: कलम नीट वाच. कारण, किंवा ज्या घटनाक्रमातून मरण आलं त्यातली परिस्थिती. दोन्ही चालतं. परिस्थिती तिनं चोख सांगितली आहे. पिंजरा केवढा, माणसं किती, भोंगा कधी, किल्ली कुठे होती. असा नेटका जबाब भल्याभल्यांना देता येत नाही.

मी: म्हणजे पटलं?

मावशी: जबाब नोंदवून घेईन म्हटलं. फाईल बंद करते असं म्हटलं नाही. लेखिकेला समन्स काढावं लागेल.

मी: ती २०१२मध्ये गेली.

मावशी: काही टिपणं-बिपणं ठेवलीत का मागे?